प्रवाह चुकलेले यकृत

श्रोतेहो, यकृताकडे रक्त दोन वाटांनी येते, एवढी एक गोष्ट पक्की धरली तर आजचा विषय, म्हणजे कुत्र्यांच्या यकृताचा बिघडलेला रक्तपुरवठा, अवघड नाही. धमनीतून प्राणवायूने भरलेले रक्त येते, पण ते एकूण आवकीच्या साधारण २५ टक्केच. बाकीचे आतडी, जठर, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून प्रतिहारी नीलेने, म्हणजे दवाखान्यात आम्ही जिला पोर्टल व्हेन म्हणतो तिच्या वाटेने येते. तिच्यात पचलेले अन्न तर असतेच, शिवाय स्वादुपिंडाचे इन्शुलिन आणि ग्लुकॅगॉनही असते, आणि यकृतपेशींचा आकार बव्हंशी याच रसदीवर टिकतो. आपल्यातल्या काटोलकडच्या संत्रा बागायतदारांना हे लगेच पटेल: विहिरीला पाणी आहे, मोटर चालू आहे, पण दांड मध्येच फुटून पाणी नाल्यात चालले आहे. अशा बागेतली झाडे लगेच वाळत नाहीत, खुरटतात.

पिल्लांमध्ये हा फुटलेला दांड बहुधा जन्मजात असतो. प्रतिहारी नीलेतले रक्त यकृतपेशींना वगळून पुढे नेणाऱ्या या आडवाटेच्या वाहिनीला शंट म्हणतात. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग अशा लहान जातींत तो बहुतेक वेळा यकृताबाहेर सापडतो, तर लॅब्राडॉर, आयरिश वुल्फहाउंड अशा मोठ्या जातींत यकृताच्या आत. धरमपेठेतले सहा महिन्यांचे एक पग मला आठवते. जेवण झाल्यावर काही वेळाने ते भिंतीला डोके टेकून उभे राही, आणि घरची मंडळी कौतुकाने म्हणत, ‘रुसलंय.’ प्रत्यक्षात आतड्यातला जो अमोनिया यकृतात युरियात बदलायचा, तो यकृताला वळसा घालून थेट मेंदूपर्यंत पोचत होता.

त्याच्या बायोप्सीची स्लाइड अजून माझ्याकडे आहे. निरोगी यकृतात खंडिकांच्या, म्हणजे यकृतपेशींच्या छोट्या-छोट्या वाफ्यांच्या, कडेला तीन नळ्यांचा जुडगा दिसतो: पित्तनलिका, बारीक धमनी आणि या दोघींपेक्षा ऐसपैस, पातळ भिंतीची नीला. या स्लाइडवर नीलेची जागा जवळजवळ रिकामी आहे. कुठे चिमटल्यासारखी फट, कुठे तेवढीही नाही. उलट धमनीचे चार-पाच छेद एकाच जुडग्यात दाटलेले आहेत, कारण नीलेची तूट भरून काढू पाहणारी धमनी वाढते, नागमोडी होते आणि एकाच कापात पुन:पुन्हा सापडते. यकृतपेशी आक्रसल्यामुळे खंडिका लहान झाल्या आहेत आणि जुडगे एकमेकांजवळ सरकले आहेत. अधूनमधून चरबी आणि तपकिरी रंगद्रव्य पोटात घेऊन बसलेल्या भक्षक पेशींचे पुंजके आहेत. सूज मात्र जवळपास नाही, आणि नवखा डॉक्टर नेमका इथेच फसतो, कारण यकृत बिघडले म्हणजे सूज असणारच अशी त्याची समजूत असते.

आता मुद्द्याचे सांगतो. हेच चित्र, अगदी हेच, शंट नसतानाही दिसते. नीलेच्या सूक्ष्म शाखाच जन्मत: अपुऱ्या वाढलेल्या असतील, तरी यकृताचे उत्तर तेच असते. निदान करणाऱ्यांना हे रुचत नाही, पण यकृताकडे अशा तुटवड्यावर द्यायला उत्तरे फार थोडी आहेत. प्रतिहारी रक्त कमी पडले, एवढेच स्लाइड सांगते. ते कुठे गळले याचा पत्ता तिच्यात नसतो. म्हणून केवळ स्लाइडवरून ‘शंट’ असे लिहून देणारा अहवाल मी अपुरा नव्हे, चुकीचा समजतो.

रक्त बाहेर पडताना अडले तर दृश्य पालटते. हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त मागे तुंबते, खंडिकेचा मध्य लालकाळा होतो, कडा फिकट राहते. तान्ह्या बाळासाठी सहाणेवर जायफळ उगाळणाऱ्या आजीला ती कापलेली बाजू दाखवली, तर ती लगेच ओळखेल. पाठ्यपुस्तकांतही त्याला जायफळी यकृतच म्हणतात.

त्या पगच्या अहवालात मी ‘प्रतिहारी रक्तपुरवठा अपुरा, रक्तवाहिन्यांचे चित्रण करावे’ एवढेच लिहिले. सीटी स्कॅनमध्ये एक जाड वाहिनी यकृताला बगल देऊन सरळ महाशिरेत, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या मोठ्या नीलेत, शिरताना दिसली. शल्यचिकित्सकांनी तिच्याभोवती केसीनचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचे, कडे बसवले. ते ओल शोषून काही आठवड्यांत फुगते आणि वाट हळूहळू आवळते. एकदम बांधली असती तर चिमटलेल्या नीलांना तो लोंढा पेलला नसता. पुढच्या तपासणीला जेवणानंतरची रक्तातली पित्ताम्ले, जी निरोगी यकृत रक्तातून उचलून घेते, ती उतरली होती, आणि सोनोग्राफीत यकृत आधीपेक्षा मोठे दिसत होते.