सात सेकंदांची गिरकी

पडद्यावरचा हा बुडबुडा अर्धाच का, असं वाटेल. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेला एक तारा फुटला, त्याचा हा अवशेष, सीटीबी १०९. पश्चिमेला वायूचा दाट ढग आडवा आला आणि त्या बाजूचं कवच तिथेच अडलं. आतला तेजस्वी ठिपका म्हणजे मागे उरलेला न्यूट्रॉन तारा, फुटलेल्या ताऱ्याचा दबून गच्च झालेला गाभा. नाव १ई २२५९+५८६, जिभेवर बसणारं नाही. जातीचा मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकत्वाचा न्यूट्रॉन तारा. जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचा गोळा, एक गिरकी घेतो ६.९८ सेकंदांत. गिरकीगणिक किरणांचा ठोका पाठवणारे न्यूट्रॉन तारे म्हणजे पल्सार; त्यांच्या जगात ही गोगलगायीची चाल.

आता हा आलेख. एकेक टिंब म्हणजे एकेक भेट. दुर्बीण थोडा वेळ ताऱ्याकडे बघते, क्ष-किरणांचा एकेक कण कधी आला ते टिपते आणि दुसरीकडे वळते. दोनेक आठवड्यांनी परत येते. मधे कुणी बघत नव्हतं, तरी त्यानं किती गिरक्या घेतल्या ते सांगायचं असतं. सुमारे १ लाख ७३ हजार, आणि त्यात एकाचीही चूक चालत नाही. आधीच्या ठोक्यांवरून पुढचा ठोका कधी पडेल ते काढायचं. त्यात पृथ्वी सूर्याभोवती फिरतेय, त्यामुळे ठोके वर्षात कधी काही मिनिटं लवकर पोचतात, कधी उशिरा. म्हणून सगळ्या वेळा आधी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर आणायच्या, मग मोजणी.

आरएक्सटीई उपग्रहानं हे काम जानेवारी २०१२पर्यंत केलं. हिशेबाची वही कॅनडात, मॅकगिल विद्यापीठात व्हिक्टोरिया कास्पी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडे. जून २००२मध्ये ठरलेल्या भेटीतच तारा उसळला. काही तासांत ८०हून जास्त स्फोट, आणि गिरकीचा वेग एकदम वाढला. याला म्हणतात ग्लिच. त्या दिवशी पाळी नसती, तर हे स्फोट हुकलेच असते.

पुढची पाळी स्विफ्ट उपग्रहाची. एप्रिल २०१२मध्ये दोन टिंबांच्या मधे रेघ मोडली, पण उलट्या दिशेला. तारा अचानक मंदावला होता. किती? एका गिरकीमागे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट. एरवी एवढं मंदावायला त्याला पावणेदोन महिने लागतात. २१ एप्रिलला फर्मी उपग्रहानं ३६ मिलिसेकंदांचा एक स्फोट नोंदवला होता. इथे धडाम् आवाज टाकायचा मोह आम्ही आवरला आहे.

न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात काय चालतं, याची गणितं त्यामुळे पुन्हा उघडावी लागली.

आणि हे शेवटचं टोक. २०१९. अवकाश स्थानकावरच्या नायसर या क्ष-किरण दुर्बिणीनं याच ताऱ्याचा आणखी एक उलटा ग्लिच पकडला. या वेळी स्फोट नाही, चमक नाही. फक्त टिंबं.