रिकामं कॅरेट परत जातं

पहाटेचे चार. वाशीच्या भाजी मार्केटात नारायणगावचा टोमॅटो उतरतोय. माथाडी कामगार एकेक कॅरेट गाळ्यावर रितं करतात आणि रिकामी कॅरेट पुन्हा गाडीत चढतात. ती परत गेली नाहीत, तर उद्याचा माल भरायचा कशात?

यकृताची पेशीही याच हिशेबाने चालते. तिच्या पृष्ठभागावर ग्राही असतात, म्हणजे रिसेप्टर. त्यांतला एक रक्तातले एलडीएलचे कण पकडतो. रिपोर्टवर आपण ज्याला 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो, तेच हे कण. कण धरलेले ग्राही एका खळग्यात गोळा होतात, खळगा आत ओढला जातो आणि त्याची पिशवी बनते. पिशवीत आम्लता वाढली की ग्राहीची पकड सुटते. कण पचायला पुढे जातो आणि मोकळा ग्राही पुन्हा वर येतो. एक फेरी साधारण 10 मिनिटांची! असा एकेक ग्राही शेकडो फेऱ्या मारतो.

पण वर ग्राही किती ठेवायचे, हे पेशी ठरवते कशी? आत कोलेस्टेरॉल कमी पडलं की ती नवे ग्राही घडवते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. स्टॅटिनची गोळी नेमकी इथेच कामी येते. पेशीतलं कोलेस्टेरॉल बनणं ती रोखते, मग पेशी जास्त ग्राही वर पाठवते आणि रक्तातला माल उचलला जातो.

याउलट पीसीएसके9 नावाचं प्रथिन ग्राहीला असं चिकटतं, की आत गेल्यावर त्याची पकड सुटतच नाही. ग्राही मालासकट मोडीत निघतो. कॅरेटही गेलं.

ग्राहींचं हे काम अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी उलगडलं. 1985 चं नोबेल त्यांना मिळालं. लहान वयातच हृदयविकाराचे झटके येणाऱ्या मुलांच्या पेशी त्यांनी तपासल्या होत्या. त्या मुलांत हे ग्राही एक तर नव्हतेच किंवा निकामी होते.

[दृश्य: कोपरखैरणे, सकाळ. एका काकांच्या हातात कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट.]

या काकांनी तेल-तूप कधीच सोडलंय. रोज चालतात. तरी आकडा हलत नाही, आणि घरचे म्हणतात, चोरून खात असणार. मला हे ऐकवत नाही. दोष ताटात नसून ग्राहीच्या जनुकात असू शकतो. तसा असेल, तर तो प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी.

काकांची मुलगी 19 वर्षांची आहे. तिची तपासणी अजून झालेली नाही. उद्या उपाशीपोटी दोघं लॅबमध्ये जाणार आहेत.