डावा रकाना

(दृश्य : काळा पडदा. वरच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर. कीबोर्डचा आवाज.)

हे हात गेली बावीस वर्षं सर्व्हर सांभाळतायत. पुढच्या महिन्यात मॅडम निवृत्त होतील. त्यांच्या जागी येणारा मुलगा मागे खुर्ची ओढून बसलाय, मांडीवर वही. चित्रणाला परवानगी देताना मॅडमची अट एकच होती, चेहरा नको. त्यामुळे आपल्याला दिसणार आहेत ते हात, आणि पडदा.

कामाला लागण्याआधी त्या एक आज्ञा टाइप करतात : स्क्रिप्ट, आणि तिच्यापुढे वेळेचीही नोंद ठेवायची सूचना. नोंद सुरू झाल्याची एक ओळ उमटते. बाकी पडदा होता तसाच. पण आता शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची आणि उत्तर दाखवणारी खिडकी, यांच्या मधोमध कुणीतरी येऊन बसलंय. शेलला वाटतं, आपण खऱ्या टर्मिनलशी बोलतोय. प्रत्यक्षात ते बोलतं एका आभासी टर्मिनलशी, आणि तिकडून येणारं प्रत्येक अक्षर स्क्रिप्ट पडद्यालाही देते आणि फायलीतही लिहिते.

ही आज्ञा आली १९७९ साली, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या संगणकप्रणालीत, थ्री बीएसडी नावाच्या आवृत्तीत. तिच्या माहितीपानावर तिचा उपयोग सांगितलाय तो विद्यार्थ्यांसाठी : दिलेला अभ्यास आपण खरंच केला, याचा छापील पुरावा म्हणून सत्राची नोंद जोडता यावी. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आउटपुटचे प्रिंट चिकटवून, खाली सरांची सही घेऊन ज्यांनी इंजिनिअरिंग केलं, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

(दृश्य : स्क्रिप्टने लिहिलेली टायपस्क्रिप्ट ही फाइल एडिटरमध्ये उघडते.)

फाइल उघडली की आधी गोंधळच दिसतो. मधे मधे चौकोनी कंस, आकडे, एखादं सुटं इंग्रजी अक्षर. हा कचरा नाही. या सूचना आहेत, टर्मिनलला दिलेल्या : इथून अक्षरं लाल कर, कर्सर दहाव्या ओळीवर ने, उरलेली ओळ पुसून टाक. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं व्हीटी-१०० टर्मिनल १९७८ साली आलं. त्याच्या पडद्यावर ८० रकाने आणि २४ ओळी. आज आपल्या लॅपटॉपवरचं टर्मिनल त्याच घराण्याची भाषा बोलतं. म्हणून ही फाइल पुन्हा टर्मिनलवर ओतली, की पडदा जसाच्या तसा उभा राहतो.

पण तो एका झटक्यात उभा राहतो. सगळं काम डोळ्यांसमोरून भुर्रकन जातं. सत्र पुन्हा बघायचं, तर अक्षरांबरोबर त्यांची वेळही हवी. ती दुसऱ्या फायलीत असते.

(दृश्य : वेळेची फाइल. आकड्यांचे दोन रकाने. कॅमेरा हळूहळू जवळ.)

दोन रकाने, बाकी काही नाही. डावीकडे सेकंद : मागच्या तुकड्यानंतर किती वेळ गेला. उजवीकडे त्या तुकड्यात किती बाइट आले. स्क्रिप्टरिप्ले ही आज्ञा डावा आकडा वाचते, तेवढं थांबते, उजव्या आकड्याएवढे बाइट पडद्यावर सोडते आणि पुढच्या ओळीकडे वळते. एवढीच युक्ती आहे. रिप्लेमध्ये कुठलीही आज्ञा पुन्हा चालत नाही. पुसलेली फाइल पुन्हा पुसली जात नाही, फक्त पुसतानाचा पडदा दिसतो.

आता ही ओळ बघा. डावीकडे ८.४१२०३७. उजवीकडे ४.

मॅडम जुन्या लॉगची, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींची, डिरेक्टरी (फोल्डर) काढून टाकत होत्या. आरएम ही पुसून टाकायची आज्ञा लिहिली, नाव लिहिलं. एंटर राहिलं होतं, आणि हात थांबले. आठ सेकंद. मग बॅकस्पेस. ते चार बाइट म्हणजे ती बॅकस्पेस : एक बाइट कर्सर एक घर मागे घ्यायला, तीन बाइट तिथून पुढची ओळ पुसायला. अशा एकेक बॅकस्पेसने पडद्यावरून नाव गेलं. फायलीत ते अजून आहे, आणि त्याच्यापुढे खोडल्याच्या खुणा आहेत. पुढची आज्ञा पीडब्ल्यूडी, आपण नेमके कुठे उभे आहोत ते विचारणारी. उत्तरात भलतीच डिरेक्टरी.

(दृश्य : हात कीबोर्डवर स्थिर. मुलाची वही. आवाज नाही.)

स्क्रिप्टरिप्लेला सांगता येतं की कुठल्याही थांब्याला एका सेकंदापेक्षा जास्त वेळ देऊ नकोस. मुलाने आधी तेच केलं. सत्र चटकन संपलं, आणि त्याच्या वहीत आज्ञांची एक यादी उतरली. दुसऱ्यांदा त्याने मूळ वेगाने लावलं. त्या जागी तो पुढे सरकला आणि म्हणाला, "मॅडम, इथे काय झालं होतं?"

शिकवण्यासाठी सत्र नोंदवणाऱ्या प्रत्येकाला आमची विनंती आहे : थांबे कापू नका.

(दृश्य : ठिपक्यांची आणि रेघांची भुयारं. मधोमध ॲटचं चिन्ह.)

हा नेटहॅक, १९८७ पासून खेळला जाणारा खेळ. सगळा अक्षरांतला. ॲटचं चिन्ह म्हणजे खेळाडू. त्याच्या सार्वजनिक सर्व्हरवर खेळलेले डाव टीटीवायरेक या रचनेत साठवले जातात. तिथे वेळ आणि अक्षरं एकाच फायलीत असतात, प्रत्येक तुकड्याआधी बारा बाइटांचं शीर्ष : सेकंद, मायक्रोसेकंद, लांबी. कुणाचा तरी हरलेला डाव लोक रात्र रात्र बघत बसतात, शिकायला.

(दृश्य : ब्राउझरमध्ये चालणारं सत्र. माऊस ओळीवरून फिरतो, ओळ निवडली जाते.)

आणि हे आस्किनेमा, मार्चिन कुलिक या पोलिश प्रोग्रामरने सुरू केलेलं. दिसायला व्हिडिओ. पण थांबवा, ओळ निवडा, कॉपी करा आणि आपल्या टर्मिनलमध्ये चिकटवा. इथे पिक्सेल नाहीत, अक्षरं आहेत. फायलीच्या पहिल्या ओळीत खिडकीची रुंदी आणि उंची असते, कारण लहान खिडकीत मोठं सत्र लावलं की पडदा असा विस्कटतो. फाइल किलोबाइटांत मोजावी. गावाकडच्या, मधेच नेट जाणाऱ्या मोबाइलवरही ती उतरते.

मुलाने एक प्रयोग स्वतःहून केला. एको आज्ञा देऊन त्याने "नमस्कार" छापलं. टर्मिनलमध्ये जोडाक्षर तुटलं, स आणि क वेगवेगळे दिसले. पण वेळेच्या फायलीत उजवीकडे आकडा होता २३ : सात चिन्हांचे प्रत्येकी तीन बाइट, आणि दोन ओळ संपल्याचे. म्हणजे नोंदीत शब्द अख्खा आहे. दाखवताना टर्मिनल चुकलं.

टाइप करताना न दिसणारा पासवर्ड या नोंदीत येत नाही, चुकून उमटलेला मात्र येतो. आणि सुडोमध्येही (प्रशासकाच्या अधिकाराने दुसरी आज्ञा चालवणारी ही आज्ञा) सत्र नोंदवण्याची सोय आहे, ती कंपन्या कर्मचाऱ्यांवर वापरू शकतात, तेव्हा नोंद चालू आहे हे माणसाला आधी सांगायला हवं.

(दृश्य : संध्याकाळ. मॅडमची खुर्ची रिकामी. मुलगा एकटा, पडद्याचा उजेड चेहऱ्यावर.)

मूळ वेग. आरएम. नाव. हात थांबतात.

मुलगाही कीबोर्डवरून हात उचलतो.

(आठ सेकंद निवेदन नाही.)