उथळ खड्डे

फळ्यावरचा करंटचा आलेख बघा. आडवी रेघ, मध्येच एक खड्डा, पुन्हा रेघ. नॅनोपोरच्या कामात आपण दिवसभर हेच बघतो. पडद्यात एक अतिसूक्ष्म छिद्र, दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि थोडं व्होल्टेज. आयन वाहू लागले की करंट मिळतो. रेणू छिद्रात शिरला की वाट अडते आणि करंट पडतो. रक्तपेशी मोजणाऱ्या कोल्टर काउंटरचं तत्त्व हेच, त्याचं पेटंट १९५३ चं. पुढे १९९६ मध्ये कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनी अल्फा-हिमोलायसिन या जिवाणूजन्य प्रथिनाच्या छिद्रातून आरएनए-डीएनएचे एकेक धागे जाताना टिपले.

आता आकडे मनाशी धरा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. एक मोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १२० मिलिव्होल्ट असताना हे मोकळं छिद्र साधारण १२० पिकोअँपिअर देतं. एक पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन. भरपूर वाटतात ना? पण १० मायक्रोसेकंदांचाच हिशेब केला, तर मोकळ्या छिद्रातूनही जेमतेम साडेसात हजार आयन जातात. एवढ्याशा पुंजीवर रेणू येऊन गेला की नाही हे ठरवायचं असतं, आणि वर ॲम्प्लिफायरचा नॉइज आहेच.

नॉइज, म्हणजे करंटमधली नको असलेली थरथर, दाबायला आपण लो-पास फिल्टर लावतो; तो झटपट होणारे बदल गाळून संथ बदल तेवढे पुढे सोडतो. तो लागतोच, पण तो सिग्नलही खातो. १० किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून करंटला खाली उतरायलाच ३० ते ३५ मायक्रोसेकंद लागतात. रेणू १५ मायक्रोसेकंदांत निघून गेला, तर रेघ तळाला पोचण्याआधीच माघारी फिरते. दिसतो तो उथळ खड्डा.

आम्ही यात एकदा चांगलेच फसलो. खड्ड्यांची खोली विरुद्ध त्यांना लागलेला वेळ असा आलेख काढला, तर दोन पुंजके: एक खोल आणि लांब, दुसरा उथळ आणि छोटा. उथळ पुंजका म्हणजे तुटलेले तुकडे, असं धरून आम्ही तीन आठवडे नमुना पुन्हापुन्हा शुद्ध करत बसलो. मग मूळ रेकॉर्डिंग काढून त्यावर १०० किलोहर्ट्झचा फिल्टर चालवला. नॉइज वाढला, पण उथळ पुंजका खाली सरकत खोल पुंजक्याच्या पातळीला जाऊन बसला. वेगळा रेणू नव्हताच. म्हणून मी हट्टाने सांगतो, फिल्टर न लावलेली मूळ फाइल कधीही पुसू नका. रेणू न घातलेल्या नुसत्या द्रावणाचंही, त्याच व्होल्टेजवर, रेकॉर्डिंग घ्या.

बेसलाइन, म्हणजे मोकळ्या छिद्राची आडवी रेघ, सरकते, तेव्हा ती सरकत्या सरासरीने काढा आणि खड्ड्यातले बिंदू त्या सरासरीतून वगळा. थ्रेशोल्ड, म्हणजे किती खाली गेलं की खड्डा मोजायचा ती मर्यादा, पाच सिग्मा (नॉइजच्या प्रमाणित विचलनाच्या पाचपट) ठेवलात तर सुरुवातीला पुरेल.

सरासरीचा मोह मात्र खड्ड्याच्या आत नको. लॅम्डा डीएनए घ्या, ४८,५०२ बेस-जोड्यांचा लांबलचक धागा. सॉलिड-स्टेट छिद्र (प्रथिनाचं नव्हे, घन पदार्थाच्या पातळ पडद्यात पाडलेलं) १० नॅनोमीटरचं असेल तर तो कधीकधी दुमडून शिरतो. दुमडलेला भाग जाताना करंट दुप्पट पडतो, उरलेला एकेरी भाग जाताना अर्धा परत चढतो. दुमड किती लांब होती याचा अंदाज त्या पायरीवरून येतो. पूर्ण खड्ड्याची एकच सरासरी काढली की पायरी गेली.

आता ही फाइल उघडतो. डावीकडून तिसरा खड्डा मोठा करून बघा. तळ सपाट नाही.