जनुकं शाबूत, तरीही कर्करोग

श्रोतेहो, नमस्कार. कर्करोग म्हणजे जनुकात बिघाड, असं आपण ऐकत आलोय आणि बहुतेक कर्करोगांत ते खरंही आहे. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पेशीवर पहारा ठेवणारी दोन मोठी जनुकं बहुधा धडधाकट असतात. तरीही पेशी हाताबाहेर जाते. कशी, ते आज पाहू.

पहिलं जनुक आरबी. त्याचं प्रथिन ई-टू-एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं. ही पकड आहे तोवर डीएनएची नक्कल सुरू होत नाही, पेशी विभागत नाही.

दुसरं पी-५३. पेशी त्याचं प्रथिन सतत बनवते आणि वीसेक मिनिटांत मोडूनही टाकते. ही उधळपट्टी वाटेल, पण खुबी तिच्यातच आहे. डीएनए तुटला की फक्त मोडणं थांबवायचं. पी-५३ लगेच साठू लागतं. त्याचे चार-चार रेणू एकत्र येऊन डीएनएला चिकटतात आणि आधी विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देतात. दुरुस्ती साधली नाही, तर पेशीला मरायला लावतात. मग बॅक्स नावाची प्रथिनं पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोकं पाडतात, आतलं सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर येतं आणि कॅस्पेस ही विकरं पेशी आतून कापत जातात. उरलेले तुकडे शेजारच्या पेशी गिळतात. सूजसुद्धा येत नाही.

आता या कर्करोगाचं मूळ असलेला एचपीव्ही हा विषाणू, विशेषतः त्याचे १६ आणि १८ हे प्रकार. त्याचा डीएनए जेमतेम ८,००० अक्षरांचा. नक्कल काढायची सगळी यंत्रणा त्याच्यापाशी नसते, म्हणून तो पेशीचीच वापरतो. पण गर्भाशयमुखाच्या अस्तरातल्या वरच्या थरातल्या पेशींनी विभागणं सोडलेलं असतं. त्यांना पुन्हा कामाला लावायला विषाणूचं ई-७ हे प्रथिन आरबीची पकड सोडवतं. अशा अवेळी विभाजनाने पी-५३ जागं होतं आणि पेशी मरायला हवी. तेवढ्यात ई-६ पुढे येतं, पेशीचंच एक विकर हाताशी धरतं आणि पी-५३ वर मोडीत काढायची खूण लावतं. जनुक शाबूत, प्रथिन मात्र टिकत नाही!

बहुतेक स्त्रियांचं शरीर हा संसर्ग एक-दोन वर्षांत संपवतं. जिथे तो ठाण मांडतो, तिथे कधीकधी विषाणूचा वर्तुळाकार डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात शिरतो. तुटताना बहुधा ई-२ हे जनुक निकामी होतं. ई-६ आणि ई-७ वर लगाम होता तो त्याचाच. तिथून कर्करोगापर्यंत अनेक वर्षं जातात, आणि ही वर्षं आपल्या हातात असतात.

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आला: ज्या गटाची एचपीव्ही तपासणी फक्त एकदा झाली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते.

पुण्यात बनणारी लसही आता मिळते. तिच्यात विषाणूच्या कवचाचं प्रथिन असतं. ई-६ किंवा ई-७ नसतं. त्यामुळे ती विषाणूला दाराशी अडवते, पण आत शिरलेल्याला हुसकावत नाही. म्हणून ती मुलींना ९ ते १४ वयात द्यायची. आणि लस घेतलेली असली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही. नमुना घ्यायला दोन-चार मिनिटं पुरतात.