भाद्रपदाच्या आधी

[दृश्य: अंधार. पागोळ्यांचा आवाज. मग पहाट. कोल्हापुरातल्या एका बैठ्या घराची पडवी.]

सकाळचे सहा वाजलेत. आमची कुत्री ठमी काल रात्रीपासून उपाशी आहे. रिकामी थाळी नाकानं ढकलत तिनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणलीय आणि आता ती आज्जीच्या पाठीकडं बघत बसलीय. आज्जी गॅसकडं तोंड करून उभी आहे. मुद्दाम मागं वळत नाही.

गेल्या मंगळवारी ती वळली होती. पिल्लं होऊ नयेत म्हणून ठमीचं ऑपरेशन त्याच दिवशी व्हायचं होतं. आम्ही निघायच्या अर्धा तास आधी, "मुकं जनावर, उपाशीपोटी कसं न्यायचं," म्हणत आज्जीनं दुधात कुस्करून अर्धी पोळी तिला घातली. दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी पहिलं तेच विचारलं, "काही खाल्लंय का?" आज्जीनं खरं सांगितलं. फार बरं केलं. मॅडमनी ऑपरेशन पुढं ढकललं. भूल चढली की गिळायची, खोकायची ताकद जाते. पोटातलं अन्न उलटून वर आलं तर ते श्वासनलिकेत उतरतं, तिथून फुप्फुसात. मायेनं घातलेली अर्धी पोळी अशी जिवावर बेतते.

[दृश्य: ठमी, जवळून. एक कान ताठ, एक दुमडलेला.]

ठमी सात महिन्यांची आहे. आमच्या गल्लीतल्या गटारीच्या पाइपात, पौषाच्या थंडीत सापडली. तिच्या आईचा हिशोब सोपा होता. पावसाळा सरत आला की रस्त्यावरची कुत्री माजावर येतात. गावाकडं भाद्रपद जसा गणपतीचा महिना, तसाच कुत्र्यांचाही. गाभणपण साधारण ६३ दिवसांचं. म्हणजे वेत येतं ते कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडी पडायला लागते तेव्हा. घरात वाढलेली कुत्री मात्र पंचांग बघत नाही. सहा महिने ते वर्षाच्या वयात ती पहिल्यांदा माजावर येते, आणि मग बहुतेक वर्षातून दोनदा, कुठल्याही महिन्यात.

आत्ता आषाढ चालू आहे. ठमीचा पहिला माज अजून आलेला नाही. तो यायच्या आत हे करायचं, असं आम्ही यंदा ठरवलं. यंदा म्हणते, कारण मागच्या वेळी आम्ही ठरवलंच नव्हतं.

[दृश्य: जुना फोटो. अंगणात तुळशीपाशी बसलेली तांबूस कुत्री.]

ही सोनी. आठ वर्षं आमच्याकडं होती. तिचं ऑपरेशन करून घ्या, असं ती लहान असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा आई म्हणाली, "एकदा तरी तिला आई होऊ दे. मग बघू."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. त्यात खोट नाही, माया आहे. आपल्या घरातल्या बायकांच्या वाट्याला जे आलं, ज्यात त्यांना सुख मिळालं, ते हिलाही मिळावं, एवढंच त्यात असतं. पण कुत्रीला आपण आई व्हावं अशी आस लागलेली नसते. माज आला की शरीर तिला ओढतं, माज ओसरला की ती ओढ जाते. एकदा पिल्लं झाल्यानं तिची तब्येत सुधारते, स्वभाव निवळतो, असंही म्हणतात. पशुवैद्यकशास्त्रात त्याला कसलाच आधार नाही.

सोनीला पिल्लं झाली नाहीत. दर माजाला आम्ही तिला कोंडून ठेवायचो आणि सुटका झाल्यासारखा श्वास सोडायचो. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. प्रत्येक माजानंतर, कुत्री गाभण असो वा नसो, तिच्या शरीरात गर्भ धरून ठेवणारं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, दोनेक महिने चढतं राहतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यात स्राव साठतो, तोंड मिटतं. माजाच्या दिवसांत आत शिरलेले जंतू तिथं आयतेच पोसले जातात. वर्षानुवर्षं, माजामागून माज, अस्तर बिघडत जातं आणि एके वर्षी गर्भाशयात पू होतो. त्याला पायोमेट्रा म्हणतात. बहुधा माज होऊन गेल्यावर दोन महिन्यांच्या आत तो डोकं वर काढतो.

सोनी बादलीभर पाणी प्यायला लागली. एप्रिल होता, आम्हाला उन्हाळा वाटला. पोट सुटलं, तर आई म्हणाली, "अंग धरलंय पोरीनं." मग उलट्या सुरू झाल्या. खालून काही वाहतही नव्हतं, आणि तेच जास्त वाईट असतं, कारण पू बाहेर यायला वाट नसते. दवाखान्यात नेलं तेव्हा विष रक्तात भिनलं होतं. ऑपरेशन झालं. गर्भाशय बाहेर काढून ठेवलं तेव्हा मी ते पाहिलं. लहान मुलाच्या लोडाएवढं फुगलं होतं. सोनी भुलीतून उठली नाही.

स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचे विमे काढतात, आणि तिथं पूर्वापार माद्यांची ऑपरेशनं फारशी करत नसत. त्यामुळं तिथल्या विम्याच्या नोंदींतून हा आजार किती होतो ते नीट मोजता आलं. दहा वर्षांची होईतो जवळजवळ चारातल्या एका मादीला पायोमेट्रा झालेला असतो. हा आकडा मला सोनी गेल्यावर कळला. माझी एकच विनंती आहे. ऑपरेशन न झालेली तुमची कुत्री माजानंतर जास्त पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर उद्यावर ढकलू नका.

[दृश्य: गल्ली. फाटकाबाहेर दोन कुत्रे, एक फाटकाच्या फटीत नाक खुपसून.]

आणखी एक गोष्ट, ज्यात घरोघरी फसगत होते. कुत्रीच्या माजाला आपण सर्रास पाळी म्हणतो. आणि म्हणून रक्त थांबलं की धोका संपला असं समजून तिला मोकळी सोडतो. बाईच्या आणि कुत्रीच्या शरीराचा हिशोब इथं उलटा आहे. बाईला रक्तस्राव होतो तो बीज फुकट गेल्यावर. कुत्रीला होतो तो बीज तयार होण्याआधी. साधारण आठ-दहा दिवस लाल स्राव जातो, मग तो फिका, पेंढ्याच्या रंगाचा होतो, आणि तेव्हा, नेमकी तेव्हाच, ती नराला जवळ येऊ देते. "एकदाच सुटली हो," असं सांगणाऱ्या कितीतरी घरांत ती त्याच दिवसांत सुटलेली असते.

मग पिल्लं होतात. पाच-सहा तर सहजच. नर पिल्लं मागून नेतात. माद्या उरतात. त्यांचं पुढं काय होतं ते आपण मोठ्यानं बोलत नाही. बाजाराच्या कडेला एक खोकं, मटणाच्या दुकानामागं एक पोतं, गावाबाहेरच्या हॉटेलापाशी थांबलेली गाडी. "तिथं खायला मिळेल त्यांना." कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावर जन्मलेल्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. त्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वयात येईपर्यंत जगली ती फक्त १९ टक्के. आणि मेली त्यांतल्या बहुतेकांच्या मरणात माणसाचा हात होता, कधी गाडी, कधी मार, कधी उचलून नेणं. ठमी त्या पाइपात एकटी नव्हती. तिच्याजवळ आणखी दोन होती. ती थंड पडली होती.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावर टाकलीय. निर्बीजीकरण हा महापालिकेच्या गाडीवरचा शब्द. लोक नसबंदी म्हणतात, पण तो शब्द इथं बसत नाही. नसबंदीत नळी बांधतात. इथं मादीच्या बीजांडकोशासकट गर्भाशय काढतात, नराचे वृषण काढतात. आमच्या घरात मात्र याला ऑपरेशनच म्हणतात, आणि आज्जी तो शब्द अजून हळू आवाजात म्हणते.

[दृश्य: दवाखाना. ठमी वजनकाट्यावर. चौदा किलो.]

कधी करायचं, याला एकच उत्तर नाही, आणि जो डॉक्टर जात, वजन, वय न विचारता तारीख देतो त्याला दोन प्रश्न जास्त विचारा. १९६९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलं तर स्तनांच्या गाठींचा धोका ऑपरेशन न केलेल्या मादीच्या तुलनेत अर्धा टक्का उरतो, एका माजानंतर केलं तर ८ टक्के, दोन माजांनंतर २६. कितीतरी वर्षं सगळे हेच आकडे सांगत आले. २०१२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी जुने अभ्यास पुन्हा तपासले आणि पुरावा वाटतो तितका भक्कम नाही, असं स्पष्ट म्हटलं. दुसरीकडं कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठानं २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांबद्दल दाखवलं, की वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांत सांध्यांची दुखणी वाढतात. हाडांची वाढ थांबायची वेळ ही संप्रेरकंच ठरवतात, म्हणून. तेव्हा लॅब्रॉडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन यांच्या बाबतीत बरेच डॉक्टर वर्ष उलटेपर्यंत थांबायला सांगतात. ठमीसारख्या मध्यम बांध्याच्या देशी कुत्रीला ती अडचण फारशी नाही. शिवाय आमचं फाटक मोडकं आहे आणि गल्लीत नर पाच. मॅडमनी हेही विचारलं होतं.

[दृश्य: ऑपरेशनची खोली. फक्त यंत्राची टिकटिक.]

मॅडमनी कॅमेरा आत येऊ दिला. रक्ताची तपासणी आधीच झालीय. पुढच्या पायाचे केस काढून शिरेत सुई बसवलीय. आता दुधासारखं पांढरं औषध जातंय. ठमीची मान माझ्या हातात जड होते. घशातून नळी, जिभेवर नाडी मोजणारा चिमटा, डोळ्यांत मलम, कारण भुलीत पापण्या मिटत नाहीत आणि बुबुळं सुकतात. मदतनीस तिचा ओठ उचलून हिरडी बोटानं दाबतो आणि सोडतो. पांढरी झालेली जागा लगेच गुलाबी होते. दर थोड्या वेळानं तो हे करत राहतो. यंत्र असतानाही करतो. मला ते फार आवडलं.

बेंबीखाली छेद घेतला, माझ्या करंगळीपेक्षा लहान. आत वाकडी सळई घालून मॅडमनी गर्भाशयाची एक शाखा वर उचलली. कुत्रीचं गर्भाशय बेचकीसारखं असतं, एक दांडा आणि दोन लांब फांद्या. ठमीची फांदी जाड शेवेएवढी. टोकाला वाटाण्याएवढा बीजांडकोश, आणि तो आत मूत्रपिंडाजवळ एका ताठ दोरीनं धरून ठेवलेला. ती दोरी बोटानं ताणून सैल करावी लागते. या क्षणी टिकटिक वाढली. भुलीतही शरीराला ही ओढ कळते. मॅडम थांबल्या, भूल थोडी वाढवली, टिकटिक उतरली. मग रक्तवाहिनीला दोन गाठी, मध्ये कात्री. लगेच सोडून दिलं नाही. चिमट्यात धरून, हळूहळू ढिलं करत, रक्त येतंय का बघत राहिल्या. मग दुसरी बाजू. मग दांडा. आतून बाहेर तीन थरांत टाके. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

ट्रेमध्ये जे पडलं होतं ते माझ्या तळहातात मावलं असतं. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "झालं. बाहेर जाऊन आईंना सांगा."

[दृश्य: बाकावर आई आणि आज्जी. शेजारी लॅब्रॉडोर घेऊन बसलेले एक काका.]

काकांच्या कुत्र्याचा एक वृषण खाली उतरलेलाच नाही. पोटात राहिलेल्या वृषणात पुढं गाठ होण्याचा धोका बराच असतो, म्हणून तो काढावाच लागतो. काका दोन वर्षं टाळत आले होते. "त्याचं नरपण जाईल असं वाटायचं," ते म्हणाले, आणि कुत्र्याच्या कानामागं खाजवत राहिले. नराचं ऑपरेशन सोपं, टाके कमी. भटकणं आणि जागोजागी मुतणं बऱ्याच जणांचं उतरतं. भीतीपोटी चावणारा कुत्रा मात्र याने शहाणा होईल अशी आशा धरू नये. आणि ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तेवढं सांभाळायचं.

[दृश्य: रात्र. पडवीत गोधडीवर ठमी, गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर.]

पहिली रात्र अवघड गेली. ती थरथरत होती, मध्येच कण्हत होती. भूल उतरताना असं होतं, मॅडमनी सांगून ठेवलं होतं, तरी ऐकवत नाही. आज्जी उशाशी बसून राहिली. वेदनाशामक मॅडमनी दिलेलंच द्यायचं. माणसांची आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते, ती डब्यातून काढून देऊ नका. तिसऱ्या दिवशी ठमीनं कॉलरसकट पलंगाखाली शिरायचा प्रयत्न केला. पाचव्या दिवशी तिला पळायचं होतं आणि आम्हाला तिला पळू द्यायचं नव्हतं. टाका चाटून तुटला तर पोट उघडं पडतं, म्हणून कॉलर नकोशी वाटली तरी ठेवायची. बाराव्या दिवशी टाके निघाले.

उणं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. काही माद्यांना, बहुधा मोठ्या जातींच्या, पुढं झोपेत लघवी गळते. त्यावर औषध आहे. आणि भूक वाढते, पण शरीराला लागणारं अन्न कमी होतं. पूर्वीइतकंच घालत राहिलो तर कुत्रं फुगत जातं, आणि लोक म्हणतात, ऑपरेशननं जाड झालं.

[दृश्य: भाद्रपद. दूरवर ढोलताशा. फाटकाबाहेर चार-पाच नर, भांडण, केकाटणं. पडवीत ठमी.]

रात्रीचे नऊ. बाहेर कुठल्यातरी मादीमागं सगळी गल्ली लागलीय. ठमीनं मान उचलली, दुमडलेला कान जरासा हलला, आणि तिनं पुन्हा पायांत तोंड खुपसलं.

मग ताटांचा आवाज आला आणि ती ताडकन उठली. आज्जीनं ज्वारीची भाकरी मोडली. चतकोर बाजूला काढून टोपल्यात ठेवला, उरलेली अंड्यात कुस्करली. ठमी थाळीकडं नाही, टोपल्याकडं बघत होती.

"तेवढंच," आज्जी म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय."