अंगाला सगळंच जमायला हवं

(दृश्य: चर्चगेट स्टेशनच्या बाहेर, भर दुपारच्या आधीची गडबड)

ही पाटी बघा. लांबलचक, डब्यांनी खच्चून भरलेली, वजन 60 किलोच्या आसपास, आणि ती डोक्यावर घेऊन हा डबेवाला गर्दीतून वाट काढत निघालाय. लगेजच्या डब्यातून खाली घ्यायला दोघातिघांनी हात लावला, पुढे मात्र एकटाच, मान ताठ, फूटपाथ उतरताना गुडघा जरासा वाकवला, मध्येच टॅक्सी आडवी आली तर वजनासकट जागच्या जागी थांबला आणि लगेच परत चालता झाला. 1890 पासून मुंबईत हे काम चालू आहे, मावळ, जुन्नर, आंबेगावकडची माणसं पिढ्यान् पिढ्या करतायत. आता याला ताकद म्हणाल की दम म्हणाल? तोल, पकड, चपळाई, सगळं एकाच वेळी लागतंय, त्यातलं एक जरी कमी पडलं तर डबे रस्त्यावर.

आपण मात्र व्यायाम म्हटलं की एकच काहीतरी धरून बसतो. जिमवाला बेंच प्रेसच्या आकड्यामागे, रनिंगवाला जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या टायमिंगमागे, आणि दोघंही मनापासून घाम गाळतात, त्याचा मला आदरच आहे. पण शरीराचा हिशोब सरळ असतो, जे काम द्याल त्याचीच तयारी ते करतं. बेंचला पाठ टेकून ढकलायची सवय लावली तर ते ढकलणं सुधारतं, दादरचा पूल भरभर चढायचा दम त्यातून येत नाही. नुसतं पळत राहिलात तर हृदय-फुफ्फुसं मस्त होतात, पण सिलिंडर जिन्यावरून वर न्यायची वेळ आली की कंबर धरते.

आणि या शहरात रोज काय काय लागतं बघा ना, फास्ट लोकल पकडायला धावायचं, आत एका हाताने कडी धरून अंधेरीपासून दादरपर्यंत धक्के खात उभं राहायचं, येताना मार्केटमधून दोन्ही हातात जड पिशव्या, घरी आलो तर लिफ्ट बंद, आणि जुलैत एखाद्या दिवशी गुडघाभर पाण्यातून पाय ओढत यायचं. एकाच दिवसात अंगाकडून पाच वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या जातात.

(दृश्य: शिवाजी पार्क, श्री समर्थ व्यायाम मंदिर)

आपल्याकडच्या उस्तादांना हे फार आधी कळलं होतं. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुढे आणला तो पैलवान घडवायला. म्हणजे ज्याला आयुष्यभर फक्त कुस्तीच खेळायची त्यालासुद्धा नुसत्या कुस्तीवर ठेवलं नाही, जोर, बैठका, मुद्गल, आखाड्याची माती खणणं आणि शिवाय मल्लखांब. फेब्रुवारी 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली तीही याच शिवाजी पार्कात.

जवळून बघा. या पोराने तळव्यांना राळ चोळली, खांबाला एरंडेल आहेच. दोन्ही हातांनी खांब धरला, कंबर वर फेकली, डोकं खाली, पाय वर, आणि मांड्यांनी खांब आवळला. ही अढी. हात खेचतायत, पोट घट्ट, मांड्या दाबतायत, आणि उलटं असताना आपण नक्की कुठे आहोत याचं भानही ठेवायचंय. कुठल्याही मशीनवर बसून हे सगळं एकत्र होत नाही, मशीन तर तुमचा तोल आधीच सांभाळून घेतं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1980 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी 10 आठवड्यांचा प्रयोग केला, एक गट फक्त ताकदीचा व्यायाम करणारा, एक फक्त दमाचा, एक दोन्ही करणारा. दोन्ही करणाऱ्यांचा दम छान वाढला पण ताकद काही आठवड्यांनी अडली आणि शेवटी थोडी उतरली. म्हणजे टोकाला जायचं असेल, पदक हवं असेल, तर एकाच गोष्टीला वाहून घ्यावंच लागतं. पण तो व्यायाम जवळजवळ रोजचा आणि अंग मोडणारा होता. नोकरी करून आठवड्यातले तीन-चार तास काढणाऱ्याला ही भीती बाळगायचं काही कारण नाही, त्याला दोन्हीकडे भरपूर वाढायला जागा आहे.

आणि त्यासाठी महागडी मेंबरशिप लागत नाही. चाळीतला नाहीतर टॉवरमधला जिना आहे, चढा. पालिकेच्या बागेत बार असतो, नुसतं लटकायला सुरुवात करा, पकड आणि खांदे दोन्ही सुधारतात. तांदळाची पिशवी एकाच हातात घेऊन सरळ चाला, अंग वजनाच्या बाजूला झुकू द्यायचं नाही, मग हात बदला. बैठका आणि सूर्यनमस्काराला दहा बाय दहाची खोली पुरते. रनिंगवाल्याने आठवड्यात दोन दिवस वजन उचलावं, जिमवाल्याने दोन दिवस पार्काला चकरा माराव्यात, एवढ्यानेही फरक जाणवतो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि शिवाय 2 दिवस ताकदीचा असं सांगते, आणि पासष्टीच्या पुढच्यांसाठी त्यात 3 दिवस तोल आणि ताकद मिळून करायच्या व्यायामाची भर घालते. हे शेवटचं आपल्याकडे फारसं पाळलं जात नाही. आईबाबांना आपण 'सकाळी एक वॉक घेत जा' एवढंच सांगून मोकळे होतो. वॉक चांगलाच आहे हो, पण म्हातारपणी माणूस पडतो तो मोरीत, जिन्यात, बसमधून उतरताना, आणि तिथे लागतो पायातला जोर आणि तोल. तेव्हा त्यांच्याकडून खुर्चीत हात न टेकता उठणं-बसणं करून घ्या, ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहायला सांगा, आणि पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभे राहा.